साडेअठरा वर्षं: ग्रीन रिव्हर प्रकरणाचा अभ्यास

1983 च्या मे महिन्याची सुरुवात. सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला, विमानतळाच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये एक बाप आणि त्याच्या मुलीचा मित्र गल्ल्या पालथ्या घालत होते. मुलगी 18 वर्षांची. 30 एप्रिलला ती पॅसिफिक हायवेवर एका पिकअप ट्रकमध्ये बसली. मित्र दुसऱ्या गाडीतून मागे होता, पण सिग्नलला चुकामूक झाली आणि ट्रक हातचा गेला. त्याला आठवत होतं ते इतकंच: गडद रंगाचा जुना ट्रक, प्रवाशाच्या बाजूच्या दारावर प्रायमरचा डाग. रंगकाम अर्धवट सोडल्यावर दिसतो तसा. तेवढ्या खुणेवर त्यांनी ट्रक शोधून काढला. एका साध्या घरासमोर उभा होता. त्यांनी पोलिसांना कळवलं. डे मॉइन्स गावच्या पोलिसांचा माणूस आला, घरमालकाशी बोलला. घरमालक म्हणाला, अशी कोणी मुलगी इथे आलेली नाही. पोलिस परत गेला.

घरमालकाचं नाव गॅरी रिजवे. वय 34, केनवर्थ ट्रक कारखान्यात रंगारी. त्याच्या हातावर त्या मुलीच्या नखांचे ओरखडे होते. ते ओळखू येऊ नयेत म्हणून त्याने पुढे बॅटरीतलं अ‍ॅसिड लावून ती जागा जाळून घेतली, हे त्यानेच 20 वर्षांनी सांगितलं. त्याला अटक झाली 30 नोव्हेंबर 2001 रोजी, कारखान्यातून घरी निघताना. 2003 मध्ये त्याने 48 खून कबूल केले, 2011 मध्ये 49 वा.

म्हणजे दारात पोलिस येऊन गेल्यापासून बेड्या पडेपर्यंत साडेअठरा वर्षं.

अमेरिकेत 1970 आणि 80 च्या दशकांत सिरीयल किलर इतके का झाले, आणि त्यातही वॉशिंग्टन राज्याच्या या पावसाळी कोपऱ्यात का, असा विषय निघाला की बोलणं लगेच माणसाच्या डोक्यात शिरतं. बालपण, आई, मेंदूतला बिघाड, हवेतलं शिसं. त्यातलं काहीच खोटं नसेल. पण मला या प्रकरणात जास्त बोलकी वाटते ती ही मधली साडेअठरा वर्षं. काळ आणि प्रदेशाचं बरंचसं उत्तर त्यांत आहे, असं माझं मत झालंय.

नदी, हायवे आणि हद्द

मी केंटमध्ये राहतो. ग्रीन नदी आमच्या गावातून जाते. तिच्या काठाने चालायला आणि सायकलला पक्की वाट आहे, शनिवारी सकाळी तिथे ओळखीचे दहा चेहरे भेटतात. नदी म्हणावी तर फार रुंद नाही. पाणी हिरवट-मातकट, काठाला ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. ऑगस्टमध्ये लोक डबे घेऊन बेरी तोडायला येतात. आपल्याकडे करवंदांच्या जाळीत हात घालताना घेतो तीच काळजी इथेही घ्यावी लागते. मी इथे आलो तेव्हा या नदीचं नाव कशाला चिकटलंय ते मला माहीत नव्हतं. शेजारच्या निवृत्त आजोबांनी सांगितलं, तेही अगदी सहज, पूर कुठवर आला होता ते सांगावं तसं.

15 जुलै 1982 रोजी केंटजवळ पुलाखाली पाण्यात पहिला मृतदेह सापडला. मुलगी 16 वर्षांची. 12 ऑगस्टला दुसरा. 15 ऑगस्टला एकाच दिवशी तीन. त्यातला एक काठावरच्या गवतात होता आणि तो ज्याला दिसला तो डेव्ह रायकर्ट हा किंग काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या पोलिसांचा, तरुण डिटेक्टिव्ह पुढे शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलिसप्रमुख झाला, मग खासदार. महिन्याभरात पाच. वर्तमानपत्रांनी ‘ग्रीन रिव्हर किलर’ असं नाव ठेवलं. नावाने घोटाळाच केला म्हणायचा, कारण नदीवर पोलिसांची नजर आहे हे कळल्यावर त्याने नदी सोडली. पुढचे हाडांचे सापळे निघाले ते ऑबर्नच्या उतारांवर, कॅस्केड डोंगरांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला आणि विमानतळालगत. विमानांच्या आवाजामुळे तिथली घरं विकत घेऊन वस्त्या रिकाम्या केल्या होत्या. घरं गेली, रस्ते आणि झाडी राहिली. रात्री तिथे कोण येणार?

बायका-मुली गायब होत होत्या त्या मात्र एकाच पट्ट्यातून. पॅसिफिक हायवे साउथ, राज्य महामार्ग 99. एके काळचा हा मुख्य रस्ता. आय-5 हा आंतरराज्य महामार्ग झाल्यावर लांबची वाहतूक तिकडे गेली आणि इथे उरली स्वस्त मोटेल, बार, जुन्या गाड्यांचे विक्रेते आणि विमानतळाची वर्दळ. रोज हजारो अनोळखी माणसं एका रात्रीपुरती येणार आणि सकाळी जाणार. कोण कोणाच्या गाडीत बसलं हे लक्षात ठेवणारं तिथे कोणी नव्हतं.

आणि हद्द. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगायला नको. ‘आमच्या हद्दीत येत नाही, तिकडच्या ठाण्यात जा’ हे वाक्य आपल्यातल्या बहुतेकांनी स्वतः नाही तर नात्यात कोणीतरी ऐकलेलं असतं. 1982 साली हा पट्टा कुठल्याच शहरात नव्हता. सी-टॅक आणि फेडरल वे ही शहरं म्हणून नोंदली गेली 1990 मध्ये. तोवर हा मोकळा भाग किंग काउंटीच्या पोलिसांकडे. विमानतळाला बंदर प्राधिकरणाचे स्वतंत्र पोलिस. दोन-पाच मैलांवर केंटचे वेगळे, टकविलाचे वेगळे, डे मॉइन्सचे वेगळे, उत्तरेला सिअ‍ॅटलचे, दक्षिणेला पिअर्स काउंटीचे. प्रत्येकाचं कपाट वेगळं, फायली वेगळ्या.

रिजवेची नोंद या कपाटांमध्ये होती. 1980 मध्ये एका बाईने त्याच्याविरुद्ध गळा दाबल्याची तक्रार केली होती, ती बंदराच्या पोलिसांकडे. 1982 मध्ये वेश्येचं सोंग घेतलेल्या महिला पोलिसाच्या सापळ्यात तो अडकला होता. 1983 मधली ती दारातली भेट डे मॉइन्सकडे. एकेक कागद उचलला तर किरकोळ वाटतो. तिन्ही एका टेबलावर, एका माणसासमोर, एकाच आठवड्यात आले असते तर? नाही आले.

हद्द त्यालाही कळत होती. काही अवशेष त्याने शेजारच्या ऑरेगन राज्यात नेऊन टाकले, तपास तिकडे भरकटावा म्हणून. जागेवर दुसऱ्या लोकांनी ओढलेल्या सिगारेटची थोटकं आणि चघळलेलं च्युइंगगम टाकून ठेवलं. त्याचा बुद्ध्यांक ऐंशीच्या थोडा वर नोंदलेला आहे. सिरीयल किलर म्हणजे अफाट डोक्याचा, बुद्धिबळ खेळणारा राक्षस अशी जी समजूत पडद्यामुळे झालीय, तिला हा माणूस चांगलाच सुरुंग लावतो. शाळेत मागे पडलेला, कामावर वेळेवर येणारा, सहकाऱ्यांना बायबलबद्दल सांगत बसणारा रंगारी. एवढं त्याला पुरलं.

जिला कोणी शोधत नव्हतं

कबुलीजबाबात त्याने आपण वेश्याच का निवडल्या ते सांगितलं आहे. थोडक्यात असं: त्यांना गाडीत घ्यायला सोपं, कोणाचं लक्ष जात नाही, आणि त्या हरवल्याची तक्रार लगेच होणार नाही, कदाचित कधीच होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. द्वेषही होताच, तोही त्याने सांगितला. पण हा दुसरा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात वेड कुठे दिसत नाही. बाजाराचा अंदाज घेणाऱ्या व्यापाऱ्यासारखं ते बोलणं आहे.

अंदाज बरोबर होता. त्याने मारलेल्यांत अनेक जणी अल्पवयीन होत्या. सगळ्यात लहान 14 वर्षांची. घरातून पळालेल्या, सावत्र बापाच्या त्रासाला कंटाळलेल्या, अनाथाश्रम किंवा पालक-कुटुंबातून निसटलेल्या. सत्तरीच्या दशकात अमेरिकेत अशा मुलांची संख्या मोठी होती. अंगठा दाखवून अनोळखी गाडीत बसणं तेव्हा तरुणांत रुळलेलं होतं. 1977 च्या राज्य कायद्याने घरातून पळून जाणं हा बालगुन्हा राहिला नाही. पळालेल्या पोरांना गुन्हेगारांच्या कोठडीत डांबू नये, हा त्यामागचा हेतू भलाच होता. पण पळालेली मुलगी पोलिसाला दिसली तरी तिला थांबवून घरी पोचवायचा मार्ग कमकुवत झाला. 1995 मध्ये राज्याला दुसरा कायदा करून ते दुरुस्त करावं लागलं.

गुन्हेशास्त्रज्ञ स्टीव्हन एगर यांनी अशा बळींसाठी एक शब्द वापरला, त्याचं मराठी करायचं तर ‘कमी मेलेले’. समाजाच्या लेखी जे जिवंतपणीच अर्धे नव्हते, त्यांच्या मरणाची नोंदही अर्धीच होते. विद्यापीठातली मुलगी वसतिगृहात रात्री परतली नाही तर सकाळी फोन वाजतात. हायवेवरची मुलगी दिसली नाही तर तिच्या मैत्रिणी म्हणतात, पोर्टलंडला गेली असेल. तेव्हाच्या सिअ‍ॅटलमध्ये बायकांनी मोर्चे काढले ते याच रागातून. मेलेल्या मुली श्रीमंतांच्या असत्या तर तपास असा चालला असता का, हा त्यांचा सवाल होता.

सवाल रास्त होता, पण उत्तर दिसतं तितकं सोपं नाही. याच भागात 1974 मध्ये टेड बंडीने विद्यापीठातल्या, चांगल्या घरच्या मुली मारल्या होत्या. फोन वाजले, गदारोळ झाला, वृत्तपत्रांत फोटो आले. तरी तो निसटलाच. युटा, आयडाहो, कोलोरॅडो करत शेवटी 1978 मध्ये फ्लोरिडात तो कायमचा सापडला. राज्य बदललं की माग तुटत होता. किंग काउंटीचे डिटेक्टिव्ह रॉबर्ट केपेल यांनी तेव्हा एक अफलातून गोष्ट केली. काउंटीकडे कर्मचाऱ्यांचे पगार काढायला एक कॉम्प्युटर होता. त्यावर त्यांनी वेगवेगळ्या याद्या चढवल्या: विशिष्ट मोटारीचे मालक, बळींच्या ओळखीचे, कळवलेले संशयित वगैरे. आणि एकाहून जास्त याद्यांत येणारी नावं काढली. त्या चाळणीत बंडी राहिला होता. खुनाच्या तपासाला पगाराचं यंत्र उसनं आणावं लागलं, यावरून त्या काळाची कल्पना यावी.

आठ वर्षांनी ग्रीन रिव्हरच्या वेळी परिस्थिती फार सुधारली होती असं नाही. जानेवारी 1984 मध्ये मोठं विशेष पथक बसलं. पण तोवर बहुतेक खून होऊन गेले होते. 1982 ते 84 या तीन वर्षांतच बहुतांश बळी गेले. पथकाकडे खबरींचा पूर आला, हजारोंनी. मागच्या वेळी कमी माहितीने घात केला होता, या वेळी जास्त माहितीने. रिजवेचं नाव त्यात होतं, त्याला बोलावलंही. 1984 मध्ये तो खोटं पकडण्याच्या यंत्रावर बसला आणि पास झाला. नाव खालच्या ढिगात गेलं. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या तुरुंगातून बंडीने पत्र लिहून मदत देऊ केली, आणि केपेल आणि रायकर्ट त्याला भेटायला गेलेही. एका सिरीयल किलरला दुसऱ्याबद्दल विचारायला जावं लागलं. यावर लोक फार लिहितात. मला त्यात तपासाची हतबलता जास्त दिसते.

मोजतो ते काय मोजतो

इथे जरा थांबून आकड्यांचं बघू, कारण ‘त्या काळात जास्त होते’ हे म्हणणं खरं आहे. खुनांच्या मालिका जमवणाऱ्या अमेरिकन विद्यापीठीय नोंदींत शिखर 1980 च्या दशकात येतं आणि मग उतार लागतो. एकूण खुनांचंही तसंच. 1960 मध्ये लाखामागे 5.1, 1980 मध्ये 10.2, 1991 मध्ये 9.8, 2000 मध्ये 5.5. म्हणजे सिरीयल किलरांची लाट एकटी नव्हती, मोठ्या लाटेवरचा तो फेस होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली प्रचंड पिढी नेमकी विशी-तिशीत होती, आणि खून मुख्यतः त्या वयातले पुरुष करतात. रिजवे 1949 चा, बंडी 1946 चा.

पण त्याच काळात दुसराही एक आकडा बदलला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दहातले नऊ खून उलगडत. 1990 पर्यंत हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास आलं. आता व्याख्या बघा. सिरीयल किलर म्हणजे ज्याने वेगवेगळ्या वेळी दोन किंवा अधिक खून केले. पहिल्याच खुनानंतर जो पकडला गेला तो या यादीत येतच नाही, मग त्याच्या मनात पन्नास असोत. तो साधा खुनी. म्हणजे ही यादी नुसती माणसांची विकृती मोजत नाही. विकृती गुणिले मोकाट राहण्याचा काळ, असा तो गुणाकार आहे. पहिला आकडा दुप्पट झाला आणि दुसराही वाढला, की उत्तर फुगणारच.

शिशाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पेट्रोलमधून अमेरिकेच्या हवेत शिसं जात होतं. 1976 ते 80 या काळात तिथल्या लहान मुलांच्या रक्तात सरासरी डेसिलिटरमागे 15 मायक्रोग्रॅम शिसं होतं, 1990 च्या सुमारास ते 4 च्या खाली आलं. आज साडेतीनच्या वर गेलं तरी डॉक्टर दखल घेतात. शिशाने मेंदूचा संयम राखणारा भाग कच्चा राहतो, हे पक्कं माहीत आहे. त्यात दक्षिणेच्या टकोमा शहराजवळ असार्को कंपनीच्या तांबं गाळायच्या कारखान्याचं धुराडं, 570 फुटांच्या घरातलं. त्यातून आर्सेनिक आणि शिसं उडून हजार चौरस मैलांहून जास्त जमिनीवर बसलं. बंडी टकोमात वाढला, रिजवे सी-टॅकच्या बाजूला, त्याच पट्ट्यात. नकाशावर बोट ठेवलं की अंगावर काटा येतो. 1985 मध्ये तिथली भट्टी बंद झाली, जानेवारी 1993 मध्ये धुराडं सुरुंग लावून पाडलं.

पण त्या हवेत लाखो लोक वाढले. निम्म्या बायका होत्या. माझे ते शेजारचे आजोबाही तिथलेच, परसात भाजी लावण्याआधी माती तपासून घेतात, एवढाच त्यांच्यावर परिणाम. शिशामुळे त्या पिढीत भांडणं, मारामाऱ्या, खून सरसकट वाढले असतील हे मला पटतं. उतावळा माणूस दारूच्या गुत्त्याबाहेर भोसकाभोसकी करतो आणि पकडला जातो. वर्षानुवर्षं तोच ट्रक, तोच हायवे, तीच पद्धत सांभाळणं हे उतावळ्याचं काम नाही. शिशाने गुणाकारातला पहिला आकडा वाढला असेल. दुसऱ्याचा हिशोब त्यातून लागत नाही.

दुसरा आकडा किती महत्त्वाचा, ते इतर काळ आणि मुलुख बघितले की कळतं. पहिल्या महायुद्धानंतरचं जर्मनी: हनोव्हरमध्ये फ्रिट्झ हारमान 1918 ते 1924 पर्यंत रेल्वे स्टेशनवरची पळालेली, भुकेली पोरं घरी नेत होता. पोलिस त्याला ओळखत होते, कारण तो त्यांचाच खबऱ्या होता. शेवटी लाइने नदीत कवट्या सापडल्या तेव्हा शहर जागं झालं. 24 खून सिद्ध झाले. सोव्हिएत रोस्तोव्हमध्ये आंद्रेई चिकातिलो लोकल गाड्यांच्या स्थानकांवर एकटीदुकटी मुलं, बायका हेरायचा. 1984 मध्ये त्याला पकडलं, रक्तगट जुळत नाही म्हणून खुनांच्या संशयातून वगळलं, आणि तो 1990 पर्यंत सुटा राहिला. 52 खून. त्याच्या पहिल्या खुनासाठी 1983 मध्ये भलत्याच माणसाला गोळी घातली गेली होती. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपत असताना 1994-95 मध्ये मोझेस सिथोले नोकरीच्या शोधातल्या बेकार बायकांना काम देतो सांगून माळावर न्यायचा. 38 खून सिद्ध. शिशाचं पेट्रोल या सगळ्यांना लागू होत नाही. स्टेशन, हायवे, नोकरीची रांग, म्हणजे जिथे घर सुटलेली माणसं अनोळखी माणसावर भरवसा टाकतात अशी जागा, आणि तपासातली फट: या दोन गोष्टी मात्र दर वेळी आहेत.

मुंबईचा रामन राघव याच रांगेतला. 1965-66 मध्ये जुन्या जीआयपी रेल्वेमार्गाच्या कडेला झोपड्यांत, उघड्यावर झोपलेल्यांवर हल्ले झाले. तो संशयित म्हणून पोलिसांच्या हाती आला होता, पुरावा नाही म्हणून सुटला. 1968 मध्ये उपनगरांत पुन्हा तेच सुरू झालं. पोलिस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली तपास झाला आणि 27 ऑगस्टला तो सापडला. रिजवेशी त्याची मानसिक तुलना होऊ शकत नाही. राघव गंभीर मनोरुग्ण होता, त्यामुळेच फाशीची जन्मठेप झाली. डोक्यातलं सगळं वेगळं, पण फूटपाथवरचे बळी आणि हातातून सुटलेला संशयित हे तंतोतंत तेच.

गॉजचा तुकडा

आता प्रकरणाचा शेवट. एप्रिल 1987 मध्ये रिजवेच्या घराची झडती झाली. कामाचं काही निघालं नाही. पण डिटेक्टिव्हांनी त्याला एक गॉजचा तुकडा चघळायला दिला, लाळेचा नमुना म्हणून. रक्तगट तपासण्यापलीकडे तेव्हा त्याचा फारसा उपयोग नव्हता. त्या काळातल्या डीएनए चाचणीला नमुना बराच लागे आणि तपासणीत तो संपून जाई. कोणीतरी शहाणपणाने बळींच्या अंगावरचे नमुने न वापरता गोठवून ठेवले. तपासातला मला सगळ्यात आवडणारा निर्णय हाच. त्या क्षणी तो काहीच न करण्यासारखा दिसत असणार.

पथक आटत गेलं. नव्वदीत या प्रकरणाला एकच डिटेक्टिव्ह उरला. रिजवेने तिसरं लग्न केलं, संसार चालू राहिला. खून विरळ झाले पण थांबले नाहीत. सिद्ध झालेल्यांतला एक 1998 मधला आहे. मग 2001 मध्ये राज्याच्या प्रयोगशाळेत नवी चाचणी आली, जिला अगदी कणभर नमुना पुरतो. सप्टेंबरमध्ये गॉज जुळला.

त्याहून बारीक गोष्ट पुढे आहे. सुरुवातीला त्याच्यावर फक्त चार खुनांचे आरोप होते. बळींचे कपडे 20 वर्षं पिशव्यांत जपून ठेवलेले. त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली तेव्हा डोळ्यांना न दिसणारे रंगाचे गोल कण मिळाले. स्प्रेने रंग मारताना हवेतच वाळून गोळी होते, तसे. तो रंग ट्रकच्या कारखान्यात वापरला जाणारा. त्यावर 2003 मध्ये आणखी तीन आरोप वाढले आणि मग सरकारी वकील नॉर्म मेलेंग यांच्यापुढे सौदा ठेवला गेला: फाशी नको, सगळे खून कबूल करतो, मृतदेहांच्या जागा दाखवतो. मेलेंग यांनी तो घेतला. शहरात पुष्कळ लोक चिडले. 48 खुनांना फाशी नाही तर कशाला आहे, हा प्रश्न आजही निघतो. पण ज्या बापाने गल्ल्यांमधून ट्रक शोधला होता, त्याच्या मुलीचे अवशेष त्या सौद्यामुळेच 2003 मध्ये मिळाले.

रंगाचे ते कण 1982 पासून त्या पिशव्यांमध्ये होते. एक रंगारी संशयितांच्या यादीत होता. ही दोन वाक्यं मी पहिल्यांदा एकत्र वाचली तेव्हा उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो होतो.

आज असा माणूस एवढी वर्षं टिकणं अवघड आहे. गुन्हेगारांचे डीएनए नमुने 1998 पासून देशभर एकमेकांशी ताडून बघता येतात. सापळ्यात अडकलेल्याचा नमुना आधीच नोंदलेला असू शकतो. फोनला माग आहे, चौकाचौकात कॅमेरे आहेत, अंगठा दाखवून गाडी थांबवणारी पिढी गेली. शिक्षाही लांबल्या. 1970 मध्ये अमेरिकेच्या तुरुंगांत दोन लाख कैदी होते, 2000 मध्ये सुमारे 14 लाख. त्यातल्या कित्येकांना तिथे असायचं कारण नव्हतं. आणि त्यातलेच काही जण एका बलात्कारासाठी वीस वर्षं आत राहिल्याने पुढच्या खुनापर्यंत पोचले नाहीत, हेही खरं. पहिल्या घासालाच पकडला गेला की तो कोणाच्या यादीत येत नाही.

पॅसिफिक हायवेच्या सी-टॅकमधल्या तुकड्याला आता इंटरनॅशनल बुलेव्हार्ड म्हणतात. शेजारून मेट्रो जाते. भारतातून येणाऱ्या आईवडिलांना आणायला आम्ही सगळे त्याच रस्त्याने विमानतळावर जातो.

मार्च 1984 मध्ये या रस्त्यापासून फार लांब नसलेल्या एका बेसबॉलच्या मैदानाशेजारी एका मुलीचे अवशेष सापडले होते. रिजवेने नंतर खून कबूल केला, पण नाव त्यालाही माहीत नव्हतं. त्याने ते कधी विचारलंच नव्हतं. फाइलवर लिहिलं होतं ‘हाडं 10’. जानेवारी 2021 मध्ये वंशावळीच्या डीएनएवरून ती कोण ते कळलं. वय 14, डेन्व्हरहून 1983 मध्ये घरातून पळालेली, दोन हजार किलोमीटरवरून इथे आलेली. तिच्या घरच्यांना फोन गेला तेव्हा 37 वर्षं होत आली होती.